कुंपण आणि वाट : व्यक्ती-समष्टीच्या दुःस्वप्नकथा व नरखेड तालुक्यातील कापूस

१. प्रश्नाचे स्वरूप

समष्टीचे हित साधण्यासाठी व्यक्तीने आपले किती द्यावे, आणि देण्यास नकार देणाऱ्या व्यक्तीचे समष्टीने काय करावे, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच जुना आहे. विसाव्या शतकातील पाश्चात्य कादंबरीने ह्या प्रश्नाला एक विशिष्ट कथारूप दिले. सर टॉमस मोर ह्याने १५१६ साली 'यूटोपिया' लिहून आदर्श राज्याच्या वर्णनाची परंपरा सुरू केली होती. ह्या नव्या कादंबऱ्या म्हणजे त्या परंपरेचे उलटे रूप होत. त्यांतील राज्य पूर्णतः सुव्यवस्थित असते, त्यात भूक नसते, बेकारी नसते. परंतु त्यात माणूसही उरलेला नसतो. ह्या प्रकाराला प्रस्तुत लेखात 'दुःस्वप्नराज्याची कादंबरी' असे म्हटले आहे.

ह्या कादंबऱ्यांचे वाङ्मयीन मूल्यमापन करणे हा ह्या लेखाचा हेतू नाही. त्यांनी मांडलेला व्यक्तिवाद आणि समष्टिवाद ह्यांचा विरोध आपल्याकडील इतिहासाच्या कसोटीस किती उतरतो, हे एका लहानशा प्रदेशाच्या आधारे पाहावयाचे आहे. त्यासाठी नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुका घेतला आहे. हा तालुका तीन बाजूंनी निरनिराळ्या सीमांशी निगडित आहे. आणि स्वेच्छेची समष्टी, सक्तीची समष्टी व मोकळा बाजार ह्या तिन्ही व्यवस्थांशी तेथील शेतकऱ्याचा एका पिढीच्या आत संबंध आला.

आरंभीच एक भाषिक बाब ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजीत किंवा रशियनमध्ये प्रथमपुरुषी अनेकवचनाचा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा आपल्या श्रोत्याला बाहेर ठेवतो. 'आपण' म्हणताना त्याला आत घेतो. शिवाय 'आपण' हाच शब्द आदरार्थी द्वितीयपुरुषासाठी आणि 'स्वतः' ह्या अर्थानेही येतो. म्हणजे व्यक्ती, समोरचा माणूस आणि समूह ह्या तिघांनाही मराठी भाषा प्रसंगी एकाच शब्दात सामावून घेते. पुढील विवेचनात ह्या भेदाचा उपयोग होणार आहे. कारण दुःस्वप्नराज्याचा सारा कारभार 'आपण' म्हणून 'आम्ही'चे राज्य चालविण्याचा असतो.

२. चार कादंबऱ्या व त्यांची कुंपणे

ह्या प्रकारातील आद्य कृती म्हणजे येवगेनी झाम्यातिन ह्या रशियन लेखकाची कादंबरी. ती १९२०-२१ मध्ये लिहिली गेली. तिच्या नावाचा अर्थ प्रथमपुरुषी अनेकवचनाचे सर्वनाम एवढाच आहे. सोव्हिएत रशियात ती छापू दिली गेली नाही; १९२४ साली न्यूयॉर्कला तिचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि मायदेशी ती १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यातील नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत. उठणे, जेवणे, फिरावयास जाणे हे सर्व वेळापत्रकाप्रमाणे चालते. नगराभोवती एक हिरवी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे रानटी मानली गेलेली, परंतु जिवंत अशी सृष्टी आहे. अखेरीस राज्य नागरिकांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्यांची कल्पनाशक्तीच काढून टाकते.

१९३२ साली ऑल्डस हक्स्ली ह्याची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' प्रसिद्ध झाली. तिच्यात सक्तीची जागा सुखाने घेतली आहे. माणसे प्रयोगशाळेत ठरावीक वर्गांची म्हणून निपजतात आणि गोळी घेऊन समाधानी राहतात. येथेही एक कुंपण आहे. जुन्या पद्धतीने जगणाऱ्या माणसांचा राखीव प्रदेश विजेच्या तारांनी वेढलेला आहे. ज्यांचे ह्या राज्यात पटत नाही, त्यांना दूरच्या बेटांवर पाठविले जाते. बाहेर जाण्याची वाट येथे शिक्षेच्या रूपाने का होईना, पण शिल्लक आहे.

आयन रँड ही सेंट पीटर्सबर्ग येथे १९०५ साली जन्मलेली आणि १९२६ मध्ये अमेरिकेस गेलेली लेखिका. तिची 'अँथेम' ही छोटी कादंबरी १९३८ साली इंग्लंडमध्ये निघाली. तिच्यातील समाजात 'मी' हा शब्दच उरलेला नाही. नायकाने विजेचा दिवा पुन्हा शोधून काढला असता विद्वत्परिषद तो नाकारते. एकट्याने केलेले काम तिला मान्य नाही, आणि मेणबत्त्यांच्या खात्याची योजनाही त्यामुळे कोलमडणार असते. नायक निषिद्ध अरण्यात पळून जातो आणि तेथे त्याला हरवलेला शब्द सापडतो. व्यक्तिवादाचे इतके निर्भेळ प्रतिपादन ह्या चौघांपैकी दुसऱ्या कोणी केलेले नाही.

चौथी कादंबरी जॉर्ज ऑर्वेल ह्याची, १९४९ साली प्रसिद्ध झालेली 'नाइन्टीन एटी-फोर'. बिहारमधील मोतीहारी येथे जन्मलेला हा लेखक स्वतः समाजवादी होता, आणि आपली कादंबरी समाजवादावरील हल्ला नव्हे असे त्याने त्याच वर्षी स्पष्ट केले होते. झाम्यातिनची कादंबरी त्याने वाचली होती व १९४६ मध्ये तिचे परीक्षणही लिहिले होते. ह्या चारही राज्यांत अत्यंत भयानक राज्य त्याचेच आहे, आणि त्याचे कारण उघड आहे : त्यात कुंपणापलीकडे काहीच नाही. जगाची तीन महाराज्यांत वाटणी झालेली असून तिन्ही एकाच नमुन्याची आहेत. पळून जावे असे अरण्य नाही आणि हद्दपार होण्यासाठी बेटही नाही.

हे चार लेखक राजकीय मतांनी एकमेकांपासून दूर आहेत. तथापि चौघांच्याही रचनेत राज्याची भीषणता मोजण्याचे माप एकच दिसते. समूह किती मोठा आहे किंवा मालमत्ता कोणाची आहे, हे ते माप नव्हे. बाहेर पडण्याची वाट आहे की नाही, हे ते माप होय. अल्बर्ट हर्शमन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली संस्थांच्या ऱ्हासाचा विचार करताना सभासदांच्या हाती दोन उपाय असल्याचे दाखविले : सोडून जाणे आणि आवाज उठविणे. ह्या परिभाषेत सांगावयाचे तर दुःस्वप्नराज्य म्हणजे जेथे सोडून जाता येत नाही आणि बोलताही येत नाही, असे सामूहिक जीवन. हक्स्लीने १९४६ मध्ये आपल्या कादंबरीस जोडलेल्या नव्या प्रस्तावनेत, आज लिहावयाची असती तर विकेंद्रित व सहकारी अर्थव्यवस्थेच्या एका तिसऱ्या समाजाची शक्यता आपण दाखविली असती, असे नमूद केले आहे. म्हणजे ह्या परंपरेतील किमान एका लेखकाला तरी समष्टी आणि दुःस्वप्न हे समानार्थी वाटत नव्हते.

३. सीमेवरचा तालुका

कादंबरीतील कुंपण लेखकाच्या कल्पनेतून येते. नरखेडची कुंपणे राज्यव्यवस्थेने घातली. हा तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. पूर्वी हा भाग काटोल तहसिलीत मोडत असे. पश्चिमेस वर्धा नदी वाहते आणि तिच्यापलीकडे अमरावती जिल्हा लागतो. मोवाड हे गाव ह्याच नदीच्या काठी आहे. उत्तरेस मध्य प्रदेशातील पांढुर्णा. नागपूर-इटारसी लोहमार्ग नरखेडवरून तसाच पांढुर्ण्याकडे जातो. कापूस आणि संत्रा ही येथील शेतकऱ्याची रोख पैशाची पिके होत.

वर्धा नदी ही एके काळी केवळ जिल्ह्याची सीमा नव्हती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतर थोड्याच महिन्यांत नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. परंतु हे दोन मुलूख १९०३ पर्यंत निरनिराळ्या कारभाराखाली राहिले. ह्याचा कापसाच्या व्यापारावर प्रत्यक्ष परिणाम झाला. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. नदीच्या अलीकडच्या मध्य प्रांतात तसा कापूस बाजाराचा कायदा होण्यास १९३२ साल उजाडावे लागले. एकाच नदीच्या दोन काठांवरील शेतकऱ्यांपैकी एकास वजनकाट्याचे कायदेशीर संरक्षण होते आणि दुसऱ्यास ते पस्तीस वर्षे नव्हते.

उत्तरेकडील सीमा त्याहून नवी आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नरखेड आणि पांढुर्णा एकाच राज्यात होते. त्या राज्याचे नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमेच्या दोन्ही बाजूंस मराठी बोलली जाते. शेते, सोयरिकी आणि आठवडी बाजार ह्यांना ती रेघ मान्य नव्हती. पुढे सोळा वर्षांनी मात्र हीच रेघ कापसाच्या बोंडासाठी भिंत ठरावयाची होती.

४. दोन स्वप्ने : १९५५ व १९५९

भिंत उभी राहण्यापूर्वी ह्या प्रदेशात सामूहिक जीवनाची दोन स्वप्ने मांडली गेली. पहिले धार्मिक-नैतिक होते. यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम अमरावती जिल्ह्यात मोझरी येथे, म्हणजे वर्धेच्या पलीकडे आहे. त्यांची 'ग्रामगीता' १९५५ साली प्रसिद्ध झाली. एकेचाळीस अध्यायांच्या ह्या ओवीबद्ध ग्रंथात गाव हेच उपासनेचे स्थान मानले असून सामुदायिक प्रार्थना, श्रम, सफाई, शिक्षण असा सर्व ग्रामजीवनाचा विचार केला आहे. आदर्श राज्याच्या वाङ्मयात ह्या ग्रंथाची गणना व्हावयास हरकत नाही. परंतु मोरच्या बेटाहून त्याचा एक मोठा भेद आहे. हे आदर्श गाव समुद्रापलीकडचे नाही. ते श्रोत्याचे स्वतःचे गाव आहे, आणि ते घडविण्याचे साधन भजन व मनपरिवर्तन हे आहे. ज्याला प्रार्थनेस यावयाचे नाही, त्याच्यासाठी ह्या गावात तुरुंग नाही.

दुसरे स्वप्न राजकीय होते. जानेवारी १९५९ मध्ये उच्छंगराय ढेबर ह्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरले. शेतीच्या भावी रचनेसंबंधीचा जो ठराव तेथे संमत झाला, तो 'नागपूर ठराव' म्हणूनच प्रसिद्ध आहे. संयुक्त सहकारी शेती हे त्याचे अंतिम उद्दिष्ट होते. जमिनी एकत्र करून कसावयाच्या, मालकी मूळ शेतकऱ्यांकडेच राहावयाची, जमिनीच्या प्रमाणात त्यांना उत्पन्नाचा वाटा मिळावयाचा, आणि जमीन असो वा नसो, प्रत्यक्ष राबणाऱ्यास श्रमाच्या प्रमाणात वाटा मिळावयाचा, अशी ही योजना होती. पहिली पायरी म्हणून तीन वर्षांत देशभर सेवा सहकारी संस्था उभारावयाच्या होत्या.

ह्या ठरावावर जे वादळ उठले, ते व्यक्तिवाद व समष्टिवाद ह्यांच्या संघर्षाचे भारतातील सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. चरणसिंग ह्यांनी अधिवेशनातच विरोध केला आणि त्याच वर्षी संयुक्त शेतीच्या खंडनार्थ ग्रंथ लिहिला. राजगोपालाचारी, रंगा, मसानी प्रभृतींनी १९५९ मध्येच स्वतंत्र पक्ष स्थापन केला. विरोधकांच्या नजरेसमोर रशिया व चीन येथील सामूहिक शेती होती. नेहरूंनी सक्ती होणार नाही असे वारंवार सांगितले. परंतु भीतीचा विषय आजची सक्ती हा नव्हताच, उद्याची सक्ती हा होता. ठरावातील 'आपण' हा उद्या 'आम्ही' होणार नाही कशावरून, असा तो आक्षेप होता.

ह्या वादाशी नागपूरचा आणखी एक संबंध आहे. १९५६ साली भारत सरकारने चीनला जी शिष्टमंडळे पाठविली, त्यांपैकी सहकारी शेतीचा अभ्यास करणाऱ्या शिष्टमंडळाचे नेतृत्व आर. के. पाटील ह्यांच्याकडे होते. ते जुन्या मध्य प्रांताच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. शिष्टमंडळाचा बहुमताचा अहवाल चिनी प्रयोगास अनुकूल होता. तथापि त्यास भिन्नमतपत्रिकाही जोडलेली होती. शिष्टमंडळाने पाहिलेल्या संस्था १९५८ मध्ये प्रचंड कम्यूनांत विलीन करण्यात आल्या, सामुदायिक भोजनगृहे सुरू झाली, आणि १९५९ ते १९६१ ह्या काळात चीनमध्ये जो दुष्काळ पडला त्यातील मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत केले जातात. जस्टिन यिफू लिन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९९० साली ह्या आपत्तीचा एक कारणभाव मांडला, तो आपल्या विषयास फार जवळचा आहे. त्याच्या मते आरंभीच्या संस्थांतून सभासदास बाहेर पडता येत होते, म्हणून प्रत्येक जण आपल्या वाट्याचे काम करीत असे. १९५८ मध्ये बाहेर पडण्याचा हक्क गेला आणि त्याबरोबर कामातील परस्परविश्वासही गेला. ह्या उपपत्तीवर पुढे वाद झाले. परंतु कादंबरीकारांनी ज्या ठिकाणी बोट ठेवले होते, त्याच ठिकाणी अर्थशास्त्रज्ञही येऊन पोचावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

नागपूर ठरावाची संयुक्त शेती भारतात कोठेच मोठ्या प्रमाणावर अस्तित्वात आली नाही. ती सक्तीची नव्हती, म्हणून शेतकरी तिच्यात गेला नाही. विरोधकांनी रंगविलेले दुःस्वप्न खरे झाले नाही, ह्याचे श्रेय विरोधाला द्यावे की ठरावातील स्वेच्छेच्या तत्त्वाला, हा प्रश्न वादाचा आहे. महाराष्ट्रात सहकार वाढला तो शेताच्या बांधावर नव्हे, तर कारखान्याच्या फाटकावर. १९५० मध्ये प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेथे प्रत्येकाची जमीन स्वतंत्र आणि गाळप मात्र एकत्र होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यामागे जर्मनीतील रायफायझेनचा जो नमुना होता, तोही असाच स्वतंत्र शेतकऱ्यांनी परस्परांस जामीन राहण्याचा होता.

५. कापसाची भिंत

सक्ती आली ती दुसऱ्याच दाराने, आणि तिचे स्वागत झाले. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ साली महाराष्ट्रात कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया व पणनाचा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. राज्यातील सर्व कापूस शासनाच्या वतीने सहकारी पणन संस्थेनेच विकत घ्यावयाचा, खाजगी व्यापाऱ्याने घ्यावयाचा नाही. शेतकऱ्यास प्रथम हमीचा भाव, आणि रुईच्या गाठी विकून नफा उरल्यास त्याचा मोठा हिस्सा अंतिम भाव म्हणून; उरलेला अंश भावाच्या चढउतारासाठी राखून ठेवावयाचा. पुढे हे काम स्वतंत्र कापूस उत्पादक पणन महासंघाकडे आले.

ही योजना का आली, हे विसरता कामा नये. व्यापाऱ्याच्या दारातील शेतकरी स्वतंत्र होता, तो कागदावर. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत रूढ होती आणि मालाच्या धन्याला सौदा समजत नसे. सुगीपूर्वी घेतलेली उचल फेडण्यासाठी कापूस त्याच सावकार-व्यापाऱ्याकडे घालावा लागे, आणि हंगामाच्या तोंडाशी भाव पडलेले असत. त्याला 'सोडून जाण्याची' मुभा होती. परंतु एका दुकानातून उठून दुसऱ्या तशाच दुकानात जाण्यापलीकडे तिचा अर्थ नव्हता. रँडच्या कादंबरीत ही अवस्था येत नाही. तिच्या नायकास अरण्यात पुरेसे अन्न मिळते आणि राहण्यास जुने घर सापडते. त्याच्या डोक्यावर कोणाचे कर्ज नसते.

योजनेच्या प्रत्यक्ष व्यवहारात मात्र दुसरी बाजू दिसू लागली. खरेदी केंद्रासमोर गाड्यांच्या रांगा लागत. प्रतवारी करणाऱ्याचा शब्द अखेरचा असे. कापसास हलकी प्रत लागली तर तो दुसरीकडे नेण्याची सोय नव्हती. चुकारे एकरकमी न होता हप्त्यांनी होत, आणि अंतिम भाव पुढे केव्हा तरी ठरे. महासंघ शेतकऱ्यांचा, सहकारी तत्त्वावरचा. म्हणजे भाषा 'आपण'ची. पण गाडीवर बसून रात्र काढणाऱ्या माणसाला तेथे जे भेटत होते, ते 'आम्ही' होते.

नरखेडच्या दृष्टीने योजनेचा मर्मबिंदू राज्याची सीमा हा होता. कापूस परवान्याशिवाय राज्याबाहेर नेणे बेकायदा ठरले. पांढुर्ण्याचा बाजार तोच होता, वाट तीच होती. १९५६ पूर्वी आजोबाने ज्या वाटेने कापूस नेला, त्याच वाटेने नेणारा नातू आता गुन्हेगार ठरणार होता. पलीकडे भाव चढा असेल त्या वर्षी सीमेवरच्या जिल्ह्यांतून कापूस बाहेर जाई, हे योजनेच्या सर्व अभ्यासकांनी नोंदविलेले आहे. मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक अशा सर्वच सीमांवर हा प्रकार चालत असे.

येथपर्यंत ही कथा कादंबरीसारखीच वाटते. पण इतिहास कादंबरीच्या रेषेत राहत नाही. ज्या वर्षी बाहेरचा भाव पडे, त्या वर्षी कापूस उलट दिशेने वाहू लागे. शेजारच्या राज्यांतील कापूस महाराष्ट्रात येऊन हमीच्या भावाने विकला जाई आणि तोटा शासनाच्या तिजोरीवर पडे. झाम्यातिनच्या भिंतीवरून लोक आत येण्यासाठी धडपडत आहेत, असे दृश्य ह्या वाङ्मयात कोठेही नाही. नरखेडच्या सीमेवर ते हंगामागून हंगाम घडले. भिंत तुरुंगाचीही होती आणि आसऱ्याचीही. ती कोणती, हे त्या वर्षीच्या भावाने ठरत असे.

ह्या तुलनेची मर्यादा स्पष्ट सांगावयास हवी. कापूस योजनेत गुप्त पोलीस नव्हते, विचारांवर पहारा नव्हता. तिच्याविरुद्ध सभा घेता येत होत्या, मोर्चे निघत होते, निवडणुकीत सरकार बदलता येत होते. हर्शमनच्या भाषेत, सोडून जाण्याचे दार बंद होते, पण आवाजाचे उघडे होते. १९७९ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या शरद जोशी ह्यांच्या शेतकरी संघटनेने ह्याच दाराचा उपयोग केला आणि पुढे बाजारपेठेच्या स्वातंत्र्याची मागणी अग्रभागी आणली. १९९४ मध्ये जोशी ह्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र भारत पक्षाच्या नावातच १९५९ च्या परंपरेचे स्मरण आहे. योजनेचा तोटा वाढत गेला आणि २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळून एकाधिकार संपुष्टात आला. भिंत पडली ती आवाजामुळे आणि हिशेबाच्या वह्यांमुळे. शस्त्रक्रिया कोणाचीच झाली नाही.

६. एका शेतातील दोन राज्ये

नरखेड तालुक्यास आणखी एक गोष्ट विशेष अभ्यसनीय बनविते. कापसावर एकाधिकार होता, संत्र्यावर नव्हता. एकाच शेतकऱ्याच्या वहितीत एका बांधाच्या ह्या बाजूस पूर्ण समष्टिवाद आणि त्या बाजूस पूर्ण व्यक्तिवाद नांदत होता. सामाजिक शास्त्रांत प्रयोगशाळा नसते असे म्हणतात; येथे तीस वर्षे ती आपोआप चालू होती.

संत्र्याचा बगीचेवाला मृग किंवा आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्यास ठेक्याने देत असे, आणि ही पद्धत आजही प्रचलित आहे. तोडणीचा, वाहतुकीचा, दिल्ली-कलकत्त्याच्या बाजाराचा भार व्यापाऱ्यावर आणि किंमत ठरविण्यात वरचढ हातही त्याचाच. सीमा आडवी येत नव्हती; संत्रा कोठेही जाऊ शकत होता. परंतु पिकलेले फळ झाडावर थांबत नाही. जो माल थांबू शकत नाही, त्याच्या मालकाचे स्वातंत्र्य व्यापाऱ्याच्या सवडीइतकेच असते. बगीचेवाल्यांनी एकत्र येण्याचाही प्रयत्न केला. 'नोगा' हे परिचित नाव नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांचे आहे. पुढे तो व्यवसाय महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला. डब्यावर उत्पादकांचे नाव राहिले, मालकी शासनाच्या महामंडळाची झाली. 'आपण'चे 'आम्ही' होणे ते हेच. त्यासाठी जुलूम लागत नाही, हस्तांतर पुरते.

कापसात हमी होती, वाट नव्हती. संत्र्यात वाट होती, हमी नव्हती. ह्या दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती शेतकऱ्यावर केली असती तर त्याने काय निवडले असते, ह्याचे उत्तर त्याच्या शेतानेच दिले आहे : जमीन व पाणी ह्यांनी मुभा दिली तेथे त्याने दोन्ही पिके ठेवली. एका राज्यात बुडालो तर दुसऱ्यात तरावे, हा हिशेब कोणत्याही तत्त्वज्ञानापेक्षा जुना आहे.

७. भिंत पडल्यानंतर

एकाधिकार संपल्यानंतर विदर्भातील कापूस उत्पादक सुखी झाला, असे कोणी म्हणणार नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न ह्याच काळात देशापुढे आला. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्या सहा जिल्ह्यांत अमरावती होता, नागपूर नव्हता. मोवाडपाशी वर्धा नदी पुन्हा एकदा सीमा ठरली. ज्या काठावर १८९७ चा कायदा लागू होता, त्या काठावर हे साहाय्य आले आणि मोवाडच्या काठावर पोचले नाही. जमीन तीच, पीक तेच, संकट तेच. समष्टी मात्र जिल्ह्याच्या यादीने ठरली.

ह्यावरून सक्तीचा पुरस्कार करावयाचा नाही. वाट मोकळी होणे आवश्यक होते. परंतु मोकळ्या वाटेने चालण्यास जे बळ लागते, ते वाट देत नाही. ते संघटनेतून, पतपुरवठ्यातून, साठवणुकीच्या सोयीतून, म्हणजे पुन्हा समष्टीतूनच येते. महाराष्ट्राच्या १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा ह्या गावाने २०१३ साली आपली जमीन गावाच्या नावे केली. गावाने चर्चा करून, सर्वांची संमती मिळवून, आपण होऊन घेतलेला तो निर्णय होता. चरणसिंगांच्या आक्षेपास आणि रँडच्या भयास त्यात उत्तर आहे. त्यापासून सर्व गावांनी तसेच करावे असा धडा मात्र निघत नाही.

८. निष्कर्ष

दुःस्वप्नराज्याच्या कादंबऱ्या व्यक्ती आणि समष्टी ह्यांना दोन शत्रूंप्रमाणे समोरासमोर उभे करतात. कथेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. नरखेडच्या इतिहासात हे दोन शत्रू भेटत नाहीत. तेथे भेटतो तो एक शेतकरी. तो व्यापाऱ्यापासून वाचण्यासाठी समष्टीकडे जातो, समष्टीच्या केंद्रापासून वाचण्यासाठी रात्री सीमा ओलांडतो, आणि भाव पडला की पुन्हा त्याच केंद्राच्या रांगेत उभा राहतो. त्याला चंचल म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो दोन्ही व्यवस्थांकडे एकच गोष्ट मागत होता : मला तुमच्यात घ्या, पण दार बंद करू नका.

कादंबरीकारांनी दाराचे महत्त्व अचूक ओळखले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु दाराबाहेर काय आहे, ह्याचा विचार त्यांनी फारसा केला नाही. बाहेर अरण्य असेल तर मोकळीक पुरते; बाहेर सावकार असेल तर पुरत नाही. म्हणून कोणत्याही सामूहिक योजनेची परीक्षा करताना अभ्यासकाने दोन प्रश्न एकत्र विचारावेत. तिच्यातून बाहेर पडता येते काय? आणि बाहेर पडणाऱ्यास पाय ठेवण्यास जमीन आहे काय? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच त्या योजनेच्या कर्त्यांना शेतकऱ्यासमोर 'आपण' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार पोचतो. एरवी त्यांनी प्रामाणिकपणे 'आम्ही' म्हणावे. म्हणजे ऐकणाऱ्याला आपण बाहेर आहोत, एवढे तरी कळेल.